ला ओर्केताच्या बकऱ्यांवरचा पेपर

देल्फिना रिओफ्रियो दक्षिण अमेरिकेतल्या लोखा शहराच्या विद्यापीठात वीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या नावावर एकही पेपर नव्हता. त्याचं तिला कधी फारसं वाईट वाटलं नाही. मुलांना घेऊन डोंगरात जावं, पानं चुरगळून वास घ्यायला लावावा, चुकीचं नाव सांगितलं की खो खो हसावं आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या वर आवाज चढवून गाणी म्हणावीत, यात तिचा जीव रमायचा. तिच्या हातांवर बारा महिने काट्यांचे ओरखडे असत. नवरा विल्मान टायरचं दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात मी टायर बदलतो, पण हात हिचे बघा!"

पेपर लिहायची वेळ तिच्यावर आली ती बकऱ्यांमुळे.

लोखापासून नैर्ऋत्येला, पेरूच्या सीमेकडे उतरत गेलं की हवा तापत जाते आणि झाडं खुजी होत जातात. तिथे सापोतियोच्या पलीकडे ला ओर्केता नावाचं एक खोरं आहे. खोऱ्यात फाइकेचं रान. फाइके म्हणजे आपल्या बाभळीचीच बहीण, तेच काटे, तीच पिवळी फुलं, त्याच शेंगा. खोऱ्याच्या वरच्या अंगाला तारेचं कुंपण आहे. कुंपणाच्या आत बकरी न्यायची नाही असा सरकारी हुकूम. देल्फिना दर पावसाळ्यानंतर मुलांना तिथे नेई आणि कुंपणाच्या आत किती नवी रोपं उगवली, बाहेर किती, ते मोजायला लावी. मोजणी शिकवायला जागा सोयीची होती, एवढंच तिच्या मनात.

पहिल्या वर्षी मुलांनी आकडे आणले तेव्हा ती त्यांच्यावरच डाफरली. "उलटं लिहिलंय सगळं! आतली रोपं बाहेर आणि बाहेरची आत!"

"नाही मॅडम," मुलं म्हणाली, "असंच आहे."

पुढच्या वर्षीही असंच आलं. त्याच्या पुढच्या वर्षी ती विल्मानला घेऊन स्वतः गेली. एका टोकाला तो फीत धरून बसला, दुसऱ्या टोकाला ती ओणवी होऊन मोजत राहिली. कुंपणाच्या बाहेर, जिथे बकऱ्या मोकाट चरत, तिथे फाइकेची गुडघ्याएवढी काटेरी पोरं जागोजाग उभी होती. आत नुसतं वाळकं गवत. बकऱ्या कोवळे शेंडे खातात, यात खोटं काही नाही. पण त्या शेंगाही खातात, आणि पोटातून नरम होऊन आलेलं बी लेंडीच्या खतासकट जमिनीत पडतं. गवतही खाऊन कमी करतात, म्हणून रोपाला ऊन मिळतं. हिशेब केला तर बकरी जितकं नासवते त्याहून जास्त पेरते, निदान या खोऱ्यात तरी. अशी नऊ वर्षं तिने मोजलं.

आता यात अडचण काय होती? अडचण अशी की ते कुंपण ज्या पेपरामुळे उभं राहिलं, तो डॉक्टर अमाब्ले बुर्नेओ यांचा होता.

बुर्नेओ तिचे गुरू. ती शिकायला आली तेव्हा मुलीने रानात मुक्काम करायचा म्हटल्यावर तिच्या वडिलांनी शिक्षणच बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा बुर्नेओ टाय लावून तिच्या घरी गेले, अख्खी दुपार ओसरीत बसून कॉफीवर कॉफी प्यायले, आणि उठताना वडिलांचा होकार घेऊनच उठले. पुढे तिला नोकरी लागली तीही त्यांच्या शब्दावर. आता ते ऐंशीच्या घरात होते. बायको गेलेली, मुलगा स्पेनमध्ये. दर रविवारी देल्फिना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल घेऊन त्यांच्याकडे जाई. केळीच्या पानातला गरम तामाल उलगडता उलगडता ते जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलत. कोणत्या झाडाला यंदा लवकर मोहोर आला, नवा महापौर किती ढ आहे, मुलाच्या फोनवर काय बोलणं झालं. फक्त ला ओर्केताचा विषय ती काढत नसे. त्यांचा तो पेपर दक्षिण अमेरिकेतल्या वनखात्यांनी वर्षानुवर्षं वापरला होता. बकऱ्या कोरड्या रानाच्या मुळावर येतात, हे सांगायचं झालं की लोक 'बुर्नेओ' म्हणून कंसात लिहून मोकळे होत. म्हाताऱ्याच्या आयुष्याची तेवढी एक कमाई, तिला हात कसा लावायचा?

मग विद्यापीठाने नवा नियम काढला. मान्यताप्राप्त जर्नलमध्ये पेपर नसेल तर पुढची श्रेणी नाही. विभागप्रमुख फाउस्तो ओहेदा देल्फिनाहून दहा वर्षांनी लहान होता, तिचाच एके काळचा विद्यार्थी, मनाचा वाईट नव्हता पण घाईचा फार. त्याने तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमच्याकडे नऊ वर्षांची मोजणी आहे असं मुलं सांगतात. ती काय लोणच्यासारखी मुरवायला ठेवलीय?"

"अजून थोडं मोजायचंय."

"थोडं मोजायचंय! मॅडम, डिसेंबरच्या आत पेपर छापून आला पाहिजे. हे बघा, हे एक जर्नल आहे. पैसे भरले की आठवड्यात घेतात. कुणी वाचतसुद्धा नाही."

"कुणी वाचत नाही हा त्याचा गुण आहे का?"

"आपल्यासाठी गुणच की!"

"फाउस्तो," ती म्हणाली, "तू दुसऱ्या वर्षाला असताना एकच वनस्पती दोन नावांनी दोनदा चिकटवून आणली होतीस. आठवतं? तेव्हाही हेच म्हणाला होतास. कोण बघतंय."

फाउस्तो लाजून हसला आणि त्याने विषय सोडला. पण घरी येताना देल्फिनाच्या मनाने घेतलं की लिहायचं. श्रेणीसाठी म्हणा, नऊ वर्षांसाठी म्हणा. लिहायचं आणि नीट ठिकाणी पाठवायचं.

ती लिहायला बसली आणि आपल्याला लिहिता येत नाही हे तिच्या ध्यानात आलं. वर्गात जे दोन वाक्यांत सांगून टाकायची, ते कागदावर उतरेना. मोजणी कशी केली हा भाग झरझर झाला. तक्ते झाले. आलेख काढायला एका विद्यार्थिनीने शिकवलं. पण शेवटचा भाग, जिथे आपल्या आकड्यांचा अर्थ सांगायचा आणि आधीच्या लोकांनी काय म्हटलं होतं त्याच्याशी तो ताडून बघायचा, तिथे तिची गाडी अडली. बुर्नेओंचं नाव लिहिलं की हात थांबे. शेवटी तिने लिहिलं, 'पूर्वीच्या अभ्यासाच्या तुलनेत येथे काहीसे वेगळे चित्र दिसून येते, व त्यामागे अनेकविध कारणे संभवतात.'

विल्मानला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून इमानदारीत सगळं वाचलं आणि विचारलं, "म्हणजे बकऱ्या चांगल्या की वाईट?"

"ते कळतंय की."

"तक्त्यात कळतंय. खाली येऊन तू ते परत झाकून टाकलंयस."

"तुला पेपरातलं काय कळतं?"

"काहीच नाही," विल्मान म्हणाला. "पण पंक्चर कुठे आहे ते मला कळतं."

ती रागावली, पण वाक्य तसंच ठेवलं.

पेपर पाठवणं हाही एक उद्योग होता. जर्नलच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, पासवर्ड विसरायचा, पुन्हा उघडायचं. परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये म्हणून पेपरातून आपलं नाव काढायचं. सारांश स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीतही. आकृत्या पुरेशा स्पष्ट नाहीत म्हणून यंत्र त्या चार वेळा परत पाठवत राहिलं. एका रकान्यात तर 'आपला पेपर तपासू शकतील अशा तज्ज्ञांची नावे सुचवा' असं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, 'लेखकाचे शिक्षक वा निकटवर्ती नसावेत'. या रानावर लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी बुर्नेओंचीच शिष्य. देल्फिना बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसली, मग पेरूतल्या आणि अर्जेंटिनातल्या दोन अनोळखी माणसांची नावं टाकून तिने बटण दाबलं.

पहिल्या जर्नलने परीक्षकांकडे न पाठवताच नकार कळवला. विषय स्थानिक आहे, म्हणे. तिला वाटलं, जगातली कुठली बकरी स्थानिक नसते? तिने संदर्भसूचीचं एकेक नाव मेक्सिकोतल्या दुसऱ्या जर्नलच्या पद्धतीने बदललं, कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, आणि पेपर तिकडे पाठवला. मग वाट बघणं. पावसाळा आला, गेला, ती मुलांना घेऊन पुन्हा मोजून आली, आणि उत्तर आलं तेव्हा ती बाजारात मोहरीची भाजी निवडत होती. तिथेच पिशवी खाली ठेवून तिने फोनवर वाचलं.

पेपर नाकारला नव्हता, घेतलाही नव्हता. बदल मागितले होते. पहिल्या परीक्षकाला आवडला होता, त्याने बारीकसारीक सूचना केल्या होत्या. दुसऱ्याने मात्र दोनच गोष्टी विचारल्या, आणि दोन्ही वर्मी लागणाऱ्या. एक, लेखिका ज्या जुन्या अभ्यासाशी तुलना करते त्या मोजणीच्या जागा नेमक्या कुठे होत्या? त्याच जागा पुन्हा मोजल्या नसतील तर तुलनेला अर्थ नाही. दोन, त्या जुन्या निष्कर्षाबद्दल लेखिकेचं म्हणणं काय आहे, ते पेपर दोनदा वाचूनही कळलं नाही.

जुन्या जागा बुर्नेओंच्या पेपरात नुसत्या 'खोऱ्याच्या वरच्या भागात' अशा नोंदलेल्या होत्या. तेव्हा असंच लिहायचे. त्या नेमक्या कुठे होत्या हे आता एकाच माणसाला ठाऊक होतं.

रविवारी ती तामाल घेऊन गेली. बुर्नेओ स्वयंपाकघरात होर्चाता उकळत होते. लालबुंद औषधी पानांचा तो वास घरभर पसरला होता. तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसली असती तर सांगू शकली नसती.

ते पाठमोरे ऐकत राहिले. गॅस बंद केला. मग विचारलं, "किती वर्षं मोजतेयस?"

"नऊ. आता दहा."

"दहा वर्षं." ते वळले. "म्हणजे दहा वर्षं दर रविवारी तू या खुर्चीत बसून मला महापौराच्या गोष्टी सांगत होतीस."

"तुम्हाला लागेल असं वाटलं, डॉक्टर."

"लागणारच! माझा पेपर खोटा ठरवतेयस, मग लागणार नाही तर काय गुदगुल्या होणार?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "पण ते सोड. ते शास्त्र आहे, त्यात कोणीतरी कोणाला तरी खोटं ठरवणारच. मी चुकलो असेन तर चुकलो. पण 'म्हाताऱ्याला हे झेपणार नाही', असं तू माझ्यामागे परस्पर ठरवून टाकलंस. पोरी, मी म्हातारा झालो ते मलाच कळलं नव्हतं. आज कळलं."

"डॉक्टर, तसं नाही हो..."

"तामाल ठेव आणि जा. आज मला भूक नाही."

पुढच्या रविवारी ती गेली तर दार उघडलं नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता. त्याच्या पुढच्या रविवारी ती गेलीच नाही. विल्मानने संध्याकाळी कॉफी करून तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसून राहिला. मेक्सिकोने दिलेली मुदत सरत चालली होती. देल्फिनाने ठरवलं की पेपर मागे घ्यायचा. तसं पत्र लिहूनही ठेवलं.

ते पाठवण्याआधी फोन वाजला.

"विल्मानची गाडी चालू स्थितीत आहे का?" बुर्नेओंनी नमस्काराशिवाय विचारलं.

"आहे, डॉक्टर."

"मग शनिवारी निघू. आणि हो, तामाल नकोत. खाली उन्हात आंबतात."

शनिवारी ते फेल्टची टोपी आणि स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते. गाडीत पुढे बसले. काताकोचा हे गाव मागे पडल्यावर रस्ता उतरू लागला तशी त्यांनी काच खाली केली आणि बाहेरची झाडं ओठांतल्या ओठांत नावानिशी म्हणू लागले. विल्मानने आरशातून मागे देल्फिनाकडे पाहिलं. तिने डोळे पुसून खिडकीकडे तोंड फिरवलं.

ला ओर्केतात कुंपणाच्या फाटकाजवळ क्लेमेन्सिया कालदेरोन नावाची एक बाई सेइबोच्या झाडाच्या सावलीत बसलेली असे. साठी उलटलेली, अंगाने हाडकुळी, जिभेने तिखट. तिच्या बकऱ्या भोवती विखुरलेल्या. ती देल्फिनाला दर वर्षी बघायची, त्यामुळे ओळख होती; शहरातून आलेल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला ती इंजिनिअरच म्हणे.

"या इंजिनिअरबाई! यंदा पोरं नाही आणली? म्हाताऱ्यांची भरती केलीत वाटतं?"

"क्लेमेन्सियाबाई, हे डॉक्टर बुर्नेओ," देल्फिनाने जरा चाचरतच सांगितलं.

क्लेमेन्सियाने हातातली काठी खाली ठेवली. "अगोबाई! हेच का ते? बकऱ्यांचे वैरी?"

बुर्नेओंनी टोपी काढली. "हो, बाई. मीच तो."

"मला वाटलं होतं, डोक्यावर शिंगं असतील."

"होती," बुर्नेओ म्हणाले. "झिजली."

तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. "हसायला काय जातंय. कुंपण घातलंत तेव्हा आमच्या बकऱ्या निम्म्याने विकाव्या लागल्या. माझे दोघे भाऊ माचालाला केळीच्या मळ्यात मजुरीला गेले. एक परत आलाच नाही, तिकडेच वारला. तुमच्या त्या कागदात हे लिहिलं होतं का?"

"नाही," बुर्नेओ म्हणाले.

"आणि कशासाठी? बकरी रोपाला कधी तोंड लावत नाही!"

नेमकी तेव्हाच एक काळी शेळी तिच्या पाठीमागे फाइकेच्या कोवळ्या शेंड्याचा फडशा पाडत होती. देल्फिनाने नुसतं बोट दाखवलं. क्लेमेन्सियाने वळून बघितलं.

"ती होय? ती वाह्यातच आहे. तिची आईसुद्धा तसलीच होती."

या वेळी सगळेच हसले, बुर्नेओही. मग ते फाटकातून आत गेले.

बुर्नेओंनी तेव्हा मोजणीच्या प्रत्येक जागेच्या चारी कोपऱ्यांवर लोखंडी गज पुरले होते. कुठे ते त्यांच्या डोक्यात होतं, पण डोक्यातलं रान आणि समोरचं रान जुळेना. एक मोठा सेइबो होता तो पडून कुजला होता. ते मध्येच थांबत, डोळे मिटत, हाताने हवेत काहीतरी दाखवत आणि पुन्हा चालू लागत. विल्मान त्यांच्या दंडाला धरून चालत होता. दोनदा त्यांनी त्याचा हात झटकला, तिसऱ्यांदा राहू दिला. पहिला गज एका खडकाच्या पायथ्याशी सापडला, गंजून बोटाएवढा बारीक झालेला. बुर्नेओंनी त्यावरची माती बाजूला केली आणि मांडी घालून तिथेच बसले. दुसरी जागा त्यामानाने लवकर मिळाली. तिसरी ओढ्याने काठासकट नेली होती.

"ही गेली," ते म्हणाले. "लिही, गेली. अंदाजाने दाखवणार नाही."

मग ते मोजू लागले. देल्फिना मदतीला वाकली तर त्यांनी तिला मागे सारलं. "तुझे आकडे मला नकोत. मला माझे हवेत." आत नव्या रोपांसाठी त्यांनी गवत हाताने विंचरून काढलं. काही नव्हतं, एक मरतुकडं रोप सोडलं तर. मग तारेखालून वाकून बाहेर आले, तेवढीच जागा आखून घेतली आणि मोजत गेले. सदऱ्याची बाही काट्यांनी फाटली. मध्येच त्यांनी मोजायचं थांबवलं. आणखी मोजायची गरज उरली नव्हती.

सावलीत आल्यावर क्लेमेन्सियाने त्यांच्यापुढे पाण्याचं मडकं धरलं. ते पोटभर प्यायले.

"आम्हाला दोनच हंगामांचे पैसे मिळाले होते," ते देल्फिनाला म्हणाले, पण नजर खोऱ्याकडे होती. "दोन्ही हंगाम कोरडे गेले. कुठेच रोप दिसत नव्हतं. आणि जिकडे बघावं तिकडे बकऱ्या दिसत होत्या. पाऊस न पडल्याने मेलेली रोपं मी या बकऱ्यांच्या माथी मारली."

"दोन वर्षांत कुणालाच कळलं नसतं, डॉक्टर."

"मग दोन वर्षांत लिहायला नको होतं." मग मडकं खाली ठेवत म्हणाले, "पण लिहायची मला घाई होती. मलाही तेव्हा श्रेणी हवी होती."

क्लेमेन्सियाने त्या दिवशी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. सेको म्हणजे बकऱ्याच्या मटणाचा रस्सा, भात आणि उकडलेला कसावा. बुर्नेओंच्या ताटात तिने मुद्दाम मोठा तुकडा वाढला. "खा," ती म्हणाली. "ती वाह्यात शेळी आहे ना, तिचाच भाऊ."

पुढच्या रविवारी देल्फिना संगणक घेऊन त्यांच्याकडे गेली. तामाल होते, होर्चाता होती. बुर्नेओंनी पेपर छापून मागवला आणि हातात पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मोजणीचा भाग त्यांनी मान हलवत वाचला. एका तक्त्यावर बेरीज चुकलेली दाखवली. मग शेवटचा भाग आला आणि पेन्सिल थांबली.

"'काहीसे वेगळे चित्र'?" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'अनेकविध कारणे संभवतात'? देल्फिना, हे काय आहे? पेपर आहे की शोकसंदेश?"

"तुमच्याबद्दल लिहायचं होतं म्हणून..."

"माझ्याबद्दल नाही, माझ्या आकड्यांबद्दल. हा परीक्षक बरोबर बोलतोय. खोड हे. लिही, 'बकऱ्यांच्या चरण्यामुळे रोपे नष्ट होतात हा बुर्नेओ यांचा निष्कर्ष या खोऱ्याला लागू पडत नाही.'"

देल्फिनाची बोटं कळफलकावर तशीच राहिली.

"लिहितेस का मी लिहू?"

ती लिहीना. तेव्हा त्यांनी संगणक आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ते वाक्य लिहिलं. आपलं नाव लिहिताना मधलं अक्षर चुकलं. ते पुसून पुन्हा नीट लिहिलं. त्याखाली आणखी एक वाक्य घातलं: मूळ मोजणी सलग दोन कोरड्या हंगामांत झाली होती, आणि मूळ अभ्यासकाने हे तेव्हाच विचारात घ्यायला हवे होते.

"हे दुसरं वाक्य काढू या," देल्फिना म्हणाली. "फार कठोर आहे."

"माझ्याबद्दल आहे, मी लिहिलंय, राहू दे."

"मग तुमचं नाव लेखकांत घालते. जागा तुम्ही दाखवल्यात."

"मुळीच नाही! माझा पेपर पाडणाऱ्या पेपरावर माझंच नाव? लोक म्हणतील म्हातारा दोन्हीकडून खेळतो. जागा मूळ अभ्यासकाने दाखवल्या असं लिही, बास." आणि पेन्सिलने टेबलावर टकटक करत म्हणाले, "तामाल गार होतोय."

मेक्सिकोहून शेवटचा होकार यायला आणखी बरेच महिने गेले. त्यातले काही तर फक्त संदर्भसूचीतल्या तिरप्या अक्षरांवर वाद घालण्यात. फाउस्तोने सांगितलेला डिसेंबर केव्हाच उलटून गेला होता आणि त्या वर्षीच्या श्रेणीच्या यादीत देल्फिनाचं नाव आलं नाही. फाउस्तो तिच्या खोलीत येऊन बराच वेळ घुटमळला.

"मॅडम, आठवड्यात छापणारं जर्नल आपण घेतलं असतं तर..."

"तर कुणी वाचलं नसतं," देल्फिना म्हणाली. "जा, तुझा तास आहे."

पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव आलं. पगारात जी भर पडली त्यातून विल्मानने फ्रिज बदलायचं ठरवलं.

पेपर छापून आला तेव्हा बुर्नेओंनी त्याच्या प्रती काढून घेतल्या आणि सरळ वनखात्याचं कार्यालय गाठलं. तिथे सगळे त्यांच्या नावाला मान देऊन उभे राहिले, कॉफी दिली, आणि समिती नेमू म्हणाले. ते पुन्हा गेले. पुन्हा कॉफी मिळाली. "माझ्या पहिल्या पेपरावर यांनी एका हंगामात कुंपण ठोकलं होतं," ते देल्फिनाला म्हणत, "आणि आता काढायचं म्हटलं तर यांना साधी पकड सापडत नाही!" पण ते जात राहिले. टोपी घालून, इस्त्रीचा सदरा घालून, बसने. त्या कार्यालयातली पोरं त्यांना खिडकीतून येताना पाहूनच कॉफी ठेवत.

अखेर त्यांना कंटाळून म्हणा किंवा पेपर वाचून म्हणा, खात्याने पावसाळ्यानंतरचे काही महिने खालचं फाटक बकऱ्यांना उघडून द्यायचं ठरवलं. प्रयोग म्हणून. उरलेलं कुंपण अजून तिथेच आहे.

फाटक उघडलं त्या दिवशी देल्फिना, विल्मान आणि बुर्नेओ तिघंही ला ओर्केताला गेले. वनखात्याचा एक माणूस किल्ली घेऊन आला होता. या खालच्या फाटकाचं कुलूप इतक्या वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं, ते गंजून बसलेलं, शेवटी विल्मानने ते हातोडीने तोडलं. फाटक कुरकुरत उघडलं आणि सगळे बाजूला झाले.

बकऱ्या आत जाईनात. त्यांच्या जन्मात त्या कधी त्या तारेपलीकडे गेल्या नव्हत्या. फाटकापर्यंत येत, थबकत, एकमेकींना ढुशा देत आणि परत वळत. क्लेमेन्सिया काठी आपटत ओरडत होती, "अगं चला, मेल्यांनो! एवढे लोक तुमच्यासाठी लोखाहून आलेत! डॉक्टर आलाय! सरकार आलंय!" विल्मानने एकीला मागून ढकललं, ती त्याच्या पायांतून निसटून पळाली. देल्फिना फाइकेच्या शेंगा ओंजळीत घेऊन आत उभी राहिली आणि हाका मारू लागली. वनखात्याच्या माणसाने घड्याळ बघितलं.

बुर्नेओ फाटकाच्या खांबाला टेकून हसत होते, अगदी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हसू नका," क्लेमेन्सिया त्यांच्यावर खेकसली, "या, धरा हिचे पुढचे पाय!" आणि ऐंशीच्या घरातले डॉक्टर बुर्नेओ टोपी खांबावर अडकवून, बाह्या वर सारून बकरीचे पाय धरायला वाकले.